बाराव्या जागेचं ठरलं, रशीद

रशीद, काल तुझ्या चाळीसाव्या दिवसाचा खाना झाला. डाळ-मटणाच्या दालच्यात मीठ किंचित कमी होतं. सगळ्यांना कळलं, पण बोललं कुणीच नाही. भर पंगतीत उभं राहून "कुणी बनवलाय रं हा बिनमिठाचा?" असं विचारणारा आपल्यात एकच माणूस होता, आणि जेवण त्याच्याच नावानं होतं.

जिल्हा संघटनेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडं तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, नोकरी कुठं, स्पर्धा कोणत्या, पुरस्कार कोणते. मी लिहायला बसलो. 'दौंडचे ज्येष्ठ प्रशिक्षक' एवढं लिहून थांबलो, कारण ज्येष्ठ म्हटलेलं तुला चालायचं नाही, आणि तू प्रशिक्षक होतास की नुसता भांडखोर, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. ते पान बाजूला ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. संघटनेला काय द्यायचं ते नंतर बघू. तू गेलास तेव्हा आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं, ते आधी पुरं करायचं आहे. बारा खेळाडूंचा संघ. अकरांवर आपलं एकमत झालं होतं, हाच मुळात चमत्कार. बाराव्या जागेवर तू अडलास, मी अडलो, आणि मग तू निघूनच गेलास.

शेठनं आपल्याला पहिल्यांदा बोलावलं तो दिवस मला अजून दिसतो. शेठचा कोंबडीखाद्याचा कारखाना, आणि स्वतः कधी कोंबडी तोंडात घातली नाही. जिल्ह्यात पगारी खेळाडूंची बास्केटबॉल लीग निघाली तेव्हा त्यांनी एक संघ घेतला. का, तर कबड्डीचे संघ आधीच संपले होते. आपण दोघं समोर बसलो, तर शेठ म्हणाले, "टोपलीत बॉल टाकायचा, येवढंच ना? आन् कप आपल्या तालुक्यात आला पायजे." तू लगेच विचारलंस, "कंच्या तालुक्यात?" कारण संघ शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांचा मिळून होता. म्हणून तर माणसंही दोन घेतली होती, शिरूरहून मी आणि दौंडहून तू. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला मी मास्तर, आणि दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या मैदानावर लहानपणापासून बॉल आपटत मोठा झालेला तू. त्याआधी इतक्या वर्षांची आपली ओळख एवढीच होती, की आपापली पोरं घेऊन आपण समोरासमोरच्या बाकांवर बसायचो आणि एकाच पंचाला दोन्हीकडून शिव्या द्यायचो.

संघाचं नाव 'भीमाकाठ' ठेवलं, ते तुझ्या हट्टानं. मी सांगून दमलो, की आमचं शिरूर घोड नदीवर आहे, भीमेशी आमचा काय संबंध? तू म्हणालास, "मास्तर, घोड पुढं जाऊन भीमेलाच मिळती. तुझं बी तसंच होणारे." त्या दिवसापासून संघाचं बोलायला आपण ना शिरूरला भेटलो ना दौंडला. भेटायचं ते मधल्या न्हावऱ्याच्या चौकातल्या हॉटेलात, म्हणजे कुणी कुणाच्या दारात गेलं असं व्हायला नको. तिथला चहावाला आपण आलो की शेजारच्या टेबलावरची गिऱ्हाइकं आतल्या बाजूला बसवायचा.

पहिल्या वर्षी संघ मी निवडला. आजही सांगतो, विचार चुकीचा नव्हता. बास्केटबॉल हा शेवटी बॉल जाळीत टाकायचा खेळ आहे, तेव्हा जे चांगला टाकतात ते घ्यावेत. मी माझ्या पद्धतीनं पोरांच्या बोटांना ओला चुना लावला आणि शाळेच्या भिंतीशी उड्या मारायला लावल्या. ज्याचा ठसा वर, तो आत. ते ठसे भिंतीवर अजून आहेत, हेडमास्तर दर दिवाळीला रंगाचं बोलतात. तू तेव्हा कट्ट्यावर बसून शेंगा खात होतास. म्हणालास, "भिताडावर पाल बी चढती मास्तर. तिला घ्यायची का?"

मी जिल्ह्यातले सगळ्यात भारी नेमबाज गोळा केले. आणि काय झालं, ते तू पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत, प्रत्येक एसटीत सांगत सुटलास. पाच नवरदेव आणि घोडा एकच. ज्याच्या हातात बॉल पडायचा तो जन्मात पुन्हा सोडायचा नाही. एका सामन्यात तर आपल्याच दोघांनी एकमेकांच्या हातातला बॉल ओढला आणि समोरचा संघ हात बांधून बघत उभा राहिला. शेठ मला हळूच म्हणाले, "मास्तर, समद्यांला एकेक बॉल घेऊन दिला तर न्हाई का चालणार?" तू त्या वेळी बाकावरून खाली पडलास. हसून पडलास, हे पंचांना समजावून सांगायला मला वेळ लागला.

दुसऱ्या वर्षी तू शेठला सांगितलंस, आता मी निवडतो. आणि तुझी ती पंगत सुरू झाली.

मी पंचवीस गावच्या ट्रायल बघितल्या, पण असली ट्रायल कुठं बघितली नाही. खेळायला आलेल्या पोरांना तू टेम्पोत घालून कुणाच्याही लग्नाला न्यायचास. हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, बुद्ध विहारातलं असो, तुला सगळीकडं आमंत्रण, आणि नसलं तरी तुला कोण अडवणार? पोरांच्या हातात बादल्या आणि पराती द्यायच्या, म्हणायचं "वाढा", आणि आपण लांब खुर्ची टाकून बसायचं. ही ट्रायल आहे हे कुणाला सांगायचं नाही. कासुर्डीच्या एका लग्नात तू मला शेजारी बसवून हे शास्त्र शिकवलंस.

"त्या निळ्या शर्टवाल्याकडं बघ. जिलेबीची परात घेऊन आधी वळखीच्यांकडं गेला. ह्यो बॉल बी वळखीच्यालाच देणार. त्यो दुसरा, 'काय पायजे, काय पायजे' म्हनून नुसता वरडत पळतोय, ताटात काय हाय ते बघतच न्हाई. ह्यो डिफेन्सला निस्ते हात हालवनार. आन् त्यो बघ, मठ्ठ्याची बादली घेतल्याला. न मागता शेवटाकडनं सुरवात केली. शेवटच्या मान्सापोतर कवाच काय पोचत न्हाई, हे त्याला ठावं हाय. त्यो आपला."

"पण त्याला बॉल टाकता येतो का?" मी विचारलं.

"त्ये शिकवता येतं, मास्तर. हे शिकवता येत न्हाई."

आणि पंगत उठली, की तुझी खरी परीक्षा असायची. सगळे वाढपी स्वतः जेवायला बसतात. देगीपाशी धुरात उभा असलेला आचारी मात्र तसाच राहतो, त्याची भूक मेलेली असते, कुणाला त्याची आठवण होत नाही. जो आपलं ताट बाजूला ठेवून आधी आचाऱ्याला ताट नेऊन देतो, त्याला तू डोळे झाकून घ्यायचास. तो आचारी कुठल्याही धर्माचा असो, त्या ताटाकडं बघून तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. मग तू म्हणायचास, धूर लागला.

ऐकायला फार चांगलं आहे हे सगळं. मलाही त्या दिवशी जरा भरून आलं होतं. पण मग तो संघ मैदानात उतरला, आणि रशीद, काय ती शोभा! बॉल आला की हा त्याला द्यायचा, तो ह्याला द्यायचा. "तू घे", "अरे तू घे", "नाही, आधी तू". सोयरे पहिल्यांदा घरी आल्यावर पोह्यांच्या बशीपुढं जे चालतं, ते आपल्या संघात भर मैदानात चालू होतं. बॉल टाकायला मिळणारे चोवीस सेकंद संपायचे, पंच शिट्टी वाजवायचा, आणि जाळीकडं कुणी बघितलेलंसुद्धा नसायचं. तुझा तो पाबळचा किरण, शेवटाकडून मठ्ठा वाढणारा, त्यानं साऱ्या हंगामात जेवढे बॉल टाकले त्यातले बरेचसे प्रेक्षकांत गेले. आज त्याचा केटरिंगचा धंदा आहे, चार तालुक्यांत त्याच्यासारखी पंगत कुणी उठवत नाही. म्हणजे तुझी निवड अगदी अचूक होती, फक्त खेळ चुकला होता. हे मी तुला न्हावऱ्याला म्हटलं, तेव्हा तू चहाचा कप खाली ठेवून चालता झालास. बिल मी दिलं.

तिसऱ्या वर्षी आपण दोघं शहाणे झालो, म्हणजे थकलो. निम्मे माझ्या भिंतीवरचे, निम्मे तुझ्या पंगतीतले. आणि मधोमध यादव.

यादव कुणी शोधला, यावर आपण मरेपर्यंत भांडलो. आता तू मेलास, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो. मीच शोधला. आपण ट्रायलसाठी रांजणगावच्या एमआयडीसीत मैदान घेतलं होतं आणि पलीकडच्याच एका कंपनीत सिक्युरिटी गार्डची भरती चालू होती. दोन रांगा शेजारी शेजारी. त्या रांगेतलं एक डोकं सगळ्यांच्या वर दिसलं म्हणून मी हाक मारली, "ए, उंच! इकडं ये." तो बिचारा आला. पळ म्हटलं, पळाला. उडी मार म्हटलं, मारली. चुन्याचा ठसा पत्र्याच्या शेडच्या पार वरच्या कडेला लागला. आपण दोघं एकमेकांकडं बघायला लागलो, आणि त्यानं हात जोडून विचारलं, "साहब, ड्यूटी कितने घंटे की है?"

तू न कचरता सांगितलंस, "चालीस मिनट. बीच में आराम भी है."

त्या माणसानं तुझे पाय धरले. दोन आठवडे तो रोज युनिफॉर्म कधी मिळणार विचारत होता, आणि मिळाला तेव्हा त्याला बाह्या नव्हत्या म्हणून नाराज झाला. पण त्याला शिकवलंस तू, हे मी कबूल करतो. बास्केटबॉल म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं, आणि तू ते सांगत बसलाच नाहीस. टोपलीखाली उभा केलास आणि म्हणालास, "ये कंपनी का गेट है. बिना पूछे कोई अंदर नहीं जाएगा." झालं. त्या हंगामात त्या गेटातून कुणी आत गेलं नाही. सामना संपल्यावरसुद्धा कुणीतरी जाऊन त्याला सांगावं लागायचं, की ड्यूटी संपली.

त्या वर्षी आपण अंतिम सामन्यात गेलो. शेवटच्या क्षणी बॉल आपल्या हातात होता, एक टोपली हवी होती, आणि टाकायला माणूस नव्हता. सगळे चांगले होते. पण 'द्या इकडं, मी टाकतो' म्हणणारा कुणी नव्हता. आपण हरलो. परतीच्या गाडीत आपण यवतपर्यंत आलो. मग एकदम म्हणालास, "मास्तर, एक तुझ्यातला पायजे व्हता. माजलेला." मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण आयुष्यात पहिल्यांदा तू माझं खरं म्हणाला होतास.

म्हणून मी हडपसरचा निहाल आणला. माजलेला, हवा तसा. कानात इयरफोन, पांढरे शुभ्र बूट, आणि मैदानाच्या कुठल्याही कोपऱ्यातून टाकला तरी जाळीचा फक्त आवाज यायचा. मला वाटलं तू नाचशील. तू त्याला पाटसच्या एका लग्नाला घेऊन गेलास.

तिथं त्यानं परात हातात घ्यायला नकार दिला. म्हणाला, "मी खेळायला आलोय. वाढायला नाही." तुझ्या दृष्टीनं विषय तिथंच संपला.

आणि जागा एकच उरली होती. बाराव्या जागेवर तुझा बापू बसलेला. कासुर्डीचा बापू, दुधाची पिकअप चालवणारा, संघातला सगळ्यात म्हातारा खेळाडू. तो यायच्या आधी त्याच्या गुडघ्याचा आवाज यायचा. पोट असं, की यादवच्या शेजारी उभा राहिला तर दोघांची सरासरी काढून दोन खेळाडू करता येतील. तो टाकत नाही, पळत नाही, उडी तर सोडूनच दे. पण तो मैदानात उतरला की बाकीचे चौघं नीट खेळायला लागायचे. का, ते मला कधी कळलं नाही. तो सारखा हळू आवाजात बोलत असायचा. "डावीकडं बघ." "घाई नको." "आता तू." एवढंच.

मी म्हणालो, बापूचं वय झालं, त्याला मानानं निरोप देऊ आणि निहालला घेऊ. तू म्हणालास, कप मैदानातल्या पाचजणांवर येत नसतो, बाकावरच्या सातांवर येतो. बाकावर कोण कसा बसतो ते बघ. ज्यानं बुटाच्या नाड्या सैल केल्या, तो मनानं घरी गेला. बापूनं कधी नाड्या सैल केल्या का? मी म्हणालो, वाकल्यावर त्याला नाड्या दिसतात का ते आधी विचार. हे भांडण आपण न्हावऱ्याला केलं, फोनवर केलं, माझ्या नातीच्या बारशात केलं. शेठनं आपल्या दोघांना समोर बसवून समजावलं, मग शेठशीही केलं.

आणि त्या शेवटच्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मास्तर, आयक. बापूला काढलास तर मी बाकावर बसनार न्हाई. सांगून ठिवतो."

मी म्हणालो, "नको बसू."

तू फोन ठेवलास. दुपारी भाभींच्या भावाचा फोन आला.

रशीद, चाळीस वर्षांत तू माझं एक ऐकलं नाहीस. उजवीकडं जा म्हटलं की डावीकडं गेलास, साखर कमी घे म्हटलं की चहावाल्याला "मास्तरच्या वाटनीची बी मला घाल" म्हणालास. नेमकं हेच ऐकायचं होतं? एवढा आज्ञाधारक तू कधीपासून झालास? मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. तुझ्या मातीला आलो तेव्हाही मी रागातच होतो. लोकांना वाटलं मास्तरांना रडू येतंय. तेही येत होतं, पण ते रागामागून येत होतं.

त्यानंतर मी न्हावऱ्याला एकदा गेलो. चहावाल्यानं दोन कप आणले, मग एक उचलून नेला, मग परत आणून ठेवला.  बाराव्या नावाचं मी शेठला आज देतो, उद्या देतो करत राहिलो. निहालचं नाव लिहायला मला कुणी अडवणार नव्हतं. म्हणूनच लिहवेना. तू समोर नसताना तुला हरवण्यात काय मजा?

तर काल. तुझ्या दारापुढं मांडव, रस्त्यापर्यंत पंगती. सगळा संघ आला होता. यादव मांडवाच्या तोंडाशी उभा राहिला, सवयीनं, आणि प्रत्येक येणाऱ्याला आत सोडण्याआधी वरून खाली बघत होता. तुझ्या मेहुण्याला त्यानं जरा वेळ थांबवलंच. मी आणि शेठ शेजारी बसलो. शेठसाठी भाभींनी वेगळी वांग्याची भाजी करवून घेतली होती. आणि दालच्याची बादली घेऊन आमच्या रांगेत आला तो निहाल.

मी घास हातात धरून बघत राहिलो. कानात इयरफोन नाही. पांढऱ्या बुटांवर दालच्याचे डाग. आणि तो आला होता शेवटाकडून. आधी त्या टोकाची, दाराआडची, लहान पोरांची पंगत वाढून मग इकडं मोठ्यांकडं. एकदा त्याचा गोंधळ झाला, दोन रांगांमध्ये कुठं जावं कळेना. त्यानं मान वर करून बघितलं, तर मांडवाच्या खांबाला टेकून बापू उभा होता. गुडघ्यामुळं त्याला वाढायला कुणी लावलं नव्हतं. बापूनं तोंड उघडलं नाही. नुसती हनुवटी हलवली, त्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडं. निहाल तिकडं गेला. मग बापूनं किरणकडं बघितलं, किरण भाताची परात घेऊन दुसऱ्या रांगेला वळला. एवढी मोठी पंगत, पण कुणी ओरडलं नाही, कुणाचं ताट रिकामं राहिलं नाही. सगळा मांडव बापूच्या हनुवटीवर चालला होता.

पंगत उठल्यावर मी निहालला गाठलं. म्हटलं, "पाटसला तर तू परातीला हात लावला नव्हतास."

तो म्हणाला, "सर, ती ट्रायल आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. कुणाचं लग्न, कोण माणसं, ना ओळख ना पाळख. परक्याच्या घरात घुसून आपण कसं वाढायचं? मला लाज वाटली." आणि म्हणाला, "हे घर तसं नाही ना. मामांचा दर आठवड्याला फोन असायचा."

"कुणाचा?"

"रशीदमामांचा. डाव्या हातानं ड्रिबल किती झालं विचारायचे. नाही झालं म्हटलं की आईवरून शिव्या. म्हणायचे, मास्तरला बोलू नकोस, त्यो लय चढंल."

रशीद! सहा महिने तू माझ्याशी त्याच्या नावानं भांडत होतास आणि तिकडं त्याचा डावा हात घडवत होतास? मला सांगायला काय झालं होतं? मी चढलो असतो, बरोबर आहे. महिनाभर तुला सुखानं जगू दिलं नसतं. पण सांगायला हवं होतंस. भाभींना हे सांगितलं, तर त्या हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "भावजी, तुमच्यासंगं भांडून आले की ते दोन भाकरी जास्ती खायचे. मिटवायचं कशापायी?"

मी तोंड फिरवलं. आणि तेव्हा दिसलं, की वाढपी सगळे जेवायला बसले होते आणि निहालचं ताट त्याच्या जागेवर नव्हतं. ते हातात घेऊन तो मागं देगीकडं चालला होता. आचारी हात पुसत उभा राहिला, नको नको म्हणाला, मग त्यानं ताट घेतलं.

मी झटकन शेजारी वळलो. "बघितलंस?" म्हणालो. "तुझ्याच परीक्षेत माझा माणूस पास झाला!" शेजारी शेठ बसले होते, तोंडात वांगं. त्यांनी मान हलवली, कशाला ते त्यांना माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत मी तुझ्याशी एक भांडण धडपणे जिंकलो, रशीद, आणि ते ऐकायला माणूस नाही. माझे डोळे भरून आले. मी शेठना सांगितलं, धूर लागला.

तिथंच, त्या मांडवात, मी शेठना बारावं नाव दिलं. निहाल.

"आन् बापू?" शेठनं विचारलं. "रशीदभाईंचा लय जीव व्हता त्याच्यावर."

मी मांडवाच्या खांबाकडं बघितलं. बापू अजून तिथंच होता. हनुवटीनं तो आता खरकटं उचलणाऱ्यांना वाट दाखवत होता. मी म्हणालो, "शेठ, बापू खेळणार नाही. बापू प्रशिक्षक. रशीदच्या जागी बाकावर तो बसेल."

"पर त्यो तर कवा वरडत बी न्हाई."

"ओरडायला मी आहे."

बापूला सांगितलं तेव्हा तो खाली बसला, हे करताना गुडघा वाजला, आणि त्यानं बुटाच्या नाड्या घट्ट केल्या. हो, दिसतात त्याला. हाही मुद्दा तुझाच.

तर असं ठरलं. बारा खेळाडू, एक प्रशिक्षक, दोघांचीही सोय झाली. तू म्हणाला होतास, बापूला काढलं तर मी बाकावर बसणार नाही. बापूला काढलं, आणि तू बसणार नाहीस. तुझा शब्द राहिला, माझाही राहिला. सहा महिने आपण दोघं डोकं फोडून घेत होतो, की एका जागेवर दोन माणसं बसवायची कशी, आणि तू आपली बाकावरची जागाच उठून दिलीस. लेका रशीद, भांडण असं मिटवतात का?